बाळाला घेऊन ऑफिसला जायचं आहे (बेळगाव). कुणी केलंय का?

पिग्मीवाली | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितो. (हो, मी बाईच आहे. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. मागच्या धाग्यावर पुण्याच्या दोघांनी विचारलं होतं म्हणून आधीच सांगून टाकलं.)

मी गावातल्या एका क्रेडिट सोसायटीत काउंटरला आहे. पासबुक, पिग्मी (रोज थोडं थोडं भरायची ठेव), एफडी, जे समोर येईल ते. साहेब धरून आम्ही १४ जण. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा पगारासकट मिळाली, त्याबद्दल काही तक्रार नाही. त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले. ठकी आता सव्वापाच महिन्यांची आहे आणि पुढच्या सोमवारी मला हजर व्हायचंय.

ठरलेलं असं की सासूबाई बघणार. पण गेल्या महिन्यात त्या न्हाणीत घसरून पडल्या, खुबा मोडला, आता त्यांचंच करायला माणूस लागतोय. आई चंदगडला, घरात तीन दुभत्या म्हशी, ती आली तर दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी म्हशींची आठवण काढून डोळे पुसते. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, आठवड्याला पाळी बदलते. पाळणाघरं दोन बघितली. एक वर्षाच्या आतलं मूल घेत नाही. दुसरं घेतं, पण एका खोलीत अकरा पोरं आणि एकच बाई बघितली आणि उंबऱ्यातूनच परत आलो.

साहेबांना फोन करून बिनपगारी दोन महिने मागितले. मार्चएंड तोंडावर, ते कुठले देतात. पण म्हणाले, "घेऊन ये की पोरीला. मागं खोली हाय ती. बघू चार दिवस." फोन ठेवला आणि आनंद व्हायच्या आधी पोटात गोळाच आला.

जाऊ की नको हे सांगू नका, जायला लागणारच आहे. गेल्यावर काय होतं ते सांगा. तिला टेबलाजवळ ठेवायचं की मागच्या खोलीत? रांग लागलेली असताना ती रडाय लागली तर उठायचं का? आणि एक लाजत विचारतो. बरोबरची माणसं तोंडावर गोड बोलतात, पण मनातून काय म्हणत असतात?

---

येळ्ळूरची सून | रविवार, रात्री ११:०५

घेऊन जा गे बिनधास्त. लोक काय, तू घरी बसलीस तरी बोलणारच आहेत. मी खुर्ची ओढून बसलोय, धागा पळू दे.

---

कुंदा_नको_मांडे_हवेत | रविवार, रात्री ११:२०

पहिल्या दिवशी पेढे नेऊ नका, कुंदा न्या. कुंद्यानं तोंड चिकटलं की आठवडाभर कुणी काही बोलत नाही. (माझं नाव काहीही असू दे.)

---

तिसरं गेट | सोमवार, सकाळी ६:१५

नाइट ड्यूटी करून आत्ताच आलेय, तेव्हा मुद्द्याचं तेवढं. मी नर्स आहे.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी झाल्या असतील तर निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी तुमच्या हातात आहे, म्हणजे खरंच हातात. तुम्ही दिवसभर नोटा मोजणार. बोटाला थुंकी लावून मोजणारी माणसं अजून आहेत आणि तीच नोट काउंटरवरून तुमच्याकडे येते. त्या हाताने बाळाला घ्यायचं नाही. साबण आणि पाणी. सॅनिटायझरवर भागवू नका, ती तुमचं बोट तोंडात घालणार आहे.

गिऱ्हाइकं गालगुच्चे घेतील, मुके घेतील. हसत हसत सांगायचं, "डॉक्टरांनी नको म्हटलंय." आईने नको म्हटलेलं आपल्याकडे कुणी ऐकत नाही, डॉक्टरांनी म्हटलं की आजीसुद्धा मागे सरते. सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही. बाळगुटी उगाळून आणणारी एखादी मावशी ऑफिसात निघेलच, तिलाही डॉक्टरांचंच नाव सांगा.

दूध काढून ठेवणार असाल तर साध्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. पण हा थंडीतला हिशोब. मार्चचं ऊन तापलं आणि त्यात करंट गेला की चार तासांवर भरवसा ठेवू नका.

आणि ती मागची खोली आधी जाऊन बघा. असल्या खोल्यांत जुनी व्हाउचरं, धूळ आणि झुरळांची पावडर असते.

---

कायदेकानू | सोमवार, सकाळी ९:४०

उद्यमबागेत पर्सोनेलमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली आणि १२ आठवड्यांचे २६ झाले (पहिल्या दोन मुलांपर्यंत). नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण आकडे तेच. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं. तुम्ही १४. म्हणजे पाळणाघर मागता येत नाही.

पण एक गोष्ट बहुतेक बायकांना माहीत नसते आणि मालक आपणहून सांगत नाहीत. कामावर परतल्यावर, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून आणखी दोन वेळा पाजायला सुट्टी असते. त्यासाठी कुणाचे उपकार मानायचे नाहीत.

बाळाला ऑफिसात आणायचा हक्क मात्र कुठल्याच कायद्यात नाही. ती साहेबांची मर्जी, आणि त्यांनीच सांगितलंय, चार दिवस. म्हणून दोन ओळींचं पत्र लिहा: "आपण तोंडी दिलेल्या परवानगीनुसार अमुक तारखेपासून बाळाला सोबत आणत आहे." इनवर्डचा शिक्का मारून घ्या. उद्या संचालकांपैकी कुणी कुरकुरलं तर कागद बोलतो.

---

खानापूर लोकल | सोमवार, सकाळी ११:१०

एक शंका. बाबा का नेत नाहीत बाळाला?

---

पिग्मीवाली | सोमवार, दुपारी १:३५

नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "नेतो की. भट्टीजवळ ठेवू का मोल्डिंगच्या वाळूत?" माणूस वाईट नाही, पहाटे उठून तिचे लंगोट तोच धुतो. पण तिथं पातळ लोखंड ओततात हो.

---

कायदेकानू | सोमवार, दुपारी २:००

शंका बरोबर आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. त्याच नोकरीतल्या आईला पुढे अख्ख्या सेवेत मिळून ७३० दिवस बाल संगोपन रजा. खासगीत बापाला कायद्यानं शून्य.

---

एकटी बरी | सोमवार, रात्री ९:२५

शेवटचा प्रश्न विचारला आहेस म्हणून खरं सांगते. नंतर शिव्या घालू नका.

माझ्या शेजारच्या टेबलावर पाच महिने एक बाळ होतं. ऑफिस कुठलं ते सोडा. पहिला आठवडा सगळ्यांचा लाड. दुसऱ्या आठवड्यापासून लाड करणारे आपापल्या जागी गेले आणि बाळ माझ्या शेजारी राहिलं. त्याची आई कामचुकार अजिबात नव्हती, उलट दुप्पट धावायची. पण ती पाजायला आत गेली की तिचा फोन कोण उचलणार? मी. तिच्या खिडकीपुढची माणसं कुणाकडे वळणार? माझ्याकडे. आणि मी लग्न न केलेली, म्हणून साहेबांचं ठरलेलं वाक्य, "तुम्हाला काय घरी घाई आहे?" माझ्या घरी आजारी वडील होते. ते कुणाच्या हिशोबात नव्हते, कारण मी त्यांना कडेवर घेऊन ऑफिसला येत नव्हते.

ती रोज थँक्यू म्हणायची. न चुकता. मला थँक्यू नको होतं. एखाद्या शनिवारी "तू बारालाच जा, तुझं मी बघते" असं एकदा म्हणायला हवं होतं. पाच महिन्यांत ते सुचलं नाही तिला, आणि मीही तोंडाने मागितलं नाही. आज बोलणं नाही आमचं.

बाळाचा राग कधीच नव्हता. त्याने माझी एक ओढणी चघळून चघळून भोक पाडलं होतं, ती मी अजून टाकलेली नाही.

साहेबांनी हो म्हटलं, ठीक. साहेबांचं काम वाढत नाही. तुझ्या शेजारच्या टेबलाला विचारलंस का?

---

येळ्ळूरची सून | सोमवार, रात्री ९:४०

म्हणजे बाळंतिणीनं पोर पण सांभाळायचं आणि तुमचा शनिवार पण? बाईच बाईला असं म्हणाय लागली तर झालंच.

---

एकटी बरी | सोमवार, रात्री ९:५२

शिव्या घालू नका म्हटलं होतं.

---

पिग्मीवाली | सोमवार, रात्री १०:३०

भांडू नका गे. मी ते तीनदा वाचलं. माझ्या शेजारी सोनेतारणाच्या टेबलाला एक अक्का आहेत. बैलहोंगलकडच्या, कन्नड घरातल्या, मराठी माझ्यापेक्षा बरं बोलतात. मी त्यांना गृहीतच धरलेलं. "अक्का काय, चांगल्या आहेत" असं. उद्या फोन करतो.

---

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ८:००

आमची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मला आणि बहिणीला घेऊनच जायची. चिंचेला झोळी बांधलेली, खाली पाच-सहा बायकांची पोरं, आणि त्यातल्याच एका आठ वर्षांच्या पोरीवर सगळ्यांची राखण. ती पोरगी शाळेत कधी गेली नाही. वारा फिरला की जर्दा उडायचा, सगळी पोरं एकदम शिंकायची. आई सांगते, तू शिंकलास की जीव थाऱ्यावर यायचा, म्हणजे हाय अजून.

कारखाना कायदा १९४८ चा. ३० पेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर, हे त्यात लिहिलेलं होतं. आम्ही चिंचेखालीच वाढलो.

बाळाला कामावर नेणं ही नवी टूम आहे असं कुणी म्हणालं तर हसू येतं एवढंच. साहेब स्वतः "घेऊन ये" म्हणाले हे मात्र नवीन आहे. जा तुम्ही.

---

गोकाकचा पाहुणा | मंगळवार, सकाळी १०:१५

माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. खेड्यात आता ग्रामपंचायतीकडून 'कूसिन मने' चालू आहे. कूसु म्हणजे तान्हं बाळ, मने म्हणजे घर. २०२३ पासून, रोजगार हमीच्या कामाला जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी. आमच्या पंचायतीत आहे, पाळणे चांगले आहेत, भिंतीवर हत्ती काढलाय. शहरातल्या काउंटरवाल्या बाईला काही नाही. खेड्यात मजुरीला गेली असती तर सोय झाली असती. विचित्र आहे.

---

खानापूर लोकल | मंगळवार, दुपारी १२:२०

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या होत्या. नंतर पुढच्या अधिवेशनात मुंबईला हिरकणी कक्षात (बाळाला पाजायच्या खोलीत) धूळ आहे म्हणून त्यांनीच आवाज उठवला. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न तर सप्टेंबर २०१८ ला तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सभेत बसल्या. त्यांना जमतं तर सोसायटीत का नाही?

---

शिनोळी फाटा | मंगळवार, दुपारी १२:४५

तिथं त्या भाषणाला उठल्या तेव्हा पोरगी तिच्या बापाच्या मांडीवर होती. फोटो बघा. म्हणजे पंतप्रधान झाली तरी पोर धरायला माणूस लागतोच. इथं तो माणूस कोण, एवढाच प्रश्न आहे.

मी रोज बेळगावहून शिनोळीला कंपनीत जाते, पोराला न्यायचा विचार केला आणि सोडला. मशीनशॉपमध्ये तान्हं मूल नेणं म्हणजे गुन्हाच. शिवाय आपली शक्ती योजना (कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना फुकट प्रवास) महाराष्ट्राच्या एसटीत चालत नाही, रोजचं तिकीट. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष तरी असतो

---

धागापाल | मंगळवार, दुपारी ३:३०

वरच्या प्रतिसादानंतर आलेले सात प्रतिसाद उडवले आहेत. १९५६ पासूनचा सीमावाद या धाग्यावर सुटणार नाही. बाळावर बोला.

---

जांबोटीच्या बाई | मंगळवार, रात्री ८:१०

मी निवृत्त शिक्षिका. वय ७१, टायपिंग नातू करतोय, चुका त्याच्या.

माझी पहिली नोकरी खानापूर तालुक्यात, जंगलातली एकशिक्षकी शाळा. रजा तीन महिन्यांची, ती संपली की मूल घेऊन हजर. कौलारू वर्गात वाशाला साडीची झोळी बांधली होती. दोरी पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात. तो पाढे म्हणत झोका द्यायचा आणि तेराला अडखळला की झोका थांबायचा, झोका थांबला की बाळ रडायचं, म्हणून त्या वर्षी साऱ्या वर्गाचे पाढे चोख झाले. तपासनीस आले तेव्हा मी घाबरले. त्यांनी बाळाकडे बघितलं, पाढे ऐकले, शेरा लिहिला आणि बाळाच्या मुठीत दोन रुपये ठेवून गेले.

आता कामाचं सांगते. आम्ही बारा-तेरा आठवड्यांनी परत जायचो आणि रडायचो. तुम्हाला सहा महिने मिळतात ते चांगलंच झालं, कुणी कमी करा म्हणणार नाही. पण तीन महिन्यांचं मूल ठेवलं तिथे राहतं. सहा महिन्यांचं राहत नाही. ठेवू तिथे राहायचे दिवस तुमचे घरीच सरतात आणि मूल पालथं पडून सरकायला लागलं की तुम्हाला ऑफिस आठवतं. तुझ्याकडे दोन, फार तर अडीच महिने आहेत. ती रांगायला लागली की ही सोय संपली असं समज. झोळीतलं मूल सगळ्यांना आवडतं, पायांत येणारं कुणाला नको असतं. दुसरी सोय आजपासून शोध, रांगल्यावर नको.

---

तिसरं गेट | मंगळवार, रात्री ८:४०

बाईंना १००% अनुमोदन. आणि नातवाला सांगा, टायपिंग छान.

---

पिग्मीवाली | पुढचा सोमवार, रात्री १०:१५

पहिला दिवस झाला. लिहून टाकतो, नाहीतर झोपेन.

अक्कांना आदल्या मंगळवारीच फोन केलेला. "अक्का, मी ठकीला आणणार आहे, तुमचं काम वाढणार, काय करूया?" असं सरळ विचारलं. पलीकडं बराच वेळ शांत. मग म्हणाल्या, "विचारलीस, बरं वाटलं." त्यांनी लगेच हिशोबच मांडला, सोन्याच्या टेबलावरची बाई ती. सकाळी ११ आणि दुपारी साडेतीन, दोन्ही वेळा मी आत गेलो की माझी खिडकी त्या बघणार. बदल्यात शनिवारी त्या एकला जाणार आणि सोनेतारणाचं रजिस्टर मी बंद करायचं. ठरलं. साहेबांना नंतर कळवलं. पत्रावर शिक्का पण घेतला, कायदेकानू, आभार. साहेब म्हणाले, "एवढं कशाला?" पण मारला.

वडगावहून गावात बसनं गेलो. शक्तीमुळं तिकीट नाही, आणि शक्तीमुळंच जागा पण नाही. एका कॉलेजच्या पोरीनं उठून दिली. कडेवर ठकी, एका खांद्याला दुपट्यांची पिशवी, दुसऱ्याला डबा. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं तेव्हा ते काढाय तिसरा हात नव्हता. "अक्का, असू दे" म्हणून त्यानं शून्याचं तिकीट पिशवीत खोचलं.

मागची खोली तिसरं गेटनी सांगितली तश्शीच निघाली. पावडरसकट. दोन दिवस आधी जाऊन मी आणि शिपाईमामांनी धुवून काढली.

आता गंमत. ठकी झोपेचना. आमच्या गल्लीत सकाळी सहापासून माग चालतात, तिच्या जन्मापासून तिच्या कानात तोच खटखटाट आहे. ऑफिसातली शांतता तिला सहन होईना. टाचणी पडली की डोळे टक्क. साडेबाराला एका आजोबांचं पासबुक प्रिंटरला घातलं, जुना डॉट मॅट्रिक्स, चर्रर्र चर्रर्र सुरू झाला आणि ही दोन मिनिटांत गाढ. तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिपाईमामा रद्दीचा कागद घालून प्रिंटर चालवतात.

अक्का तिला 'बंगारा' म्हणतात. म्हणजे सोनं. साहेब म्हणाले, "हे तेवढं तारण घेऊ नका."

---

कुंदा_नको_मांडे_हवेत | सोमवार, रात्री १०:२०

रद्दीवर प्रिंटर. ऑडिटरला रिबनचा खर्च कसा दाखवणार? बाल संगोपन निधी?

---

एकटी बरी | सोमवार, रात्री ११:००

वाचलं. बरं वाटलं.

---

पिग्मीवाली | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११:३०

सगळं गोड गोड लिहून गेलो होतो, आता दुसरी बाजू.

आज संध्याकाळी कॅश टॅली होईना. ९०० रुपये कमी. मी काउंटरला असल्यापासून फरक पडला तर पाच-दहाचा. साडेसहा वाजले, पिग्मी एजंट ओळीनं बसलेले, ठकीची रडून रडून कावीळ झाल्यासारखी अवस्था, म्हणजे लालपिवळी. कुणीतरी मागून म्हणालं, "पोर बघायचं का पैसे बघायचं?" हळूच म्हणालं, पण मला ऐकू येईल एवढं.

अक्का उठल्या. म्हणाल्या, "नऊशे ना? नऊनं भागतंय. आकडा उलटा पडलाय, शोध." ही हिशोबातली जुनी खूण आहे, दोन शेजारचे अंक उलटे पडले की फरक कायम नऊच्या पटीत येतो. मला माहीत असून सुचलं नाही. व्हाउचर काढली. साडेतीनच्या पाजण्याहून धावत परत आलेलो, त्यानंतरची पहिलीच नोंद. एका मामांनी ५,४०० काढलेले, स्लिपवर ५,४००, हातात दिले ५,४००, आणि मी कॉम्प्युटरला टाकले ४,५००. पैसे कुठं गेले नव्हते. पण मधला पाऊण तास माझ्या अंगाला घाम सुटला तो अजून वाळला नाही.

चूक बाळ नसताना झाली नसती का? झाली असती. पण तेव्हा ती माझी चूक असती. आता ती 'पोर आणते म्हणून' झाली.

एक बदल केला. पाजून आल्यावर लगेच खिडकीत बसत नाही. पाच मिनिटं स्लिपा लावत बसतो, मग कीबोर्डला हात.

---

जांबोटीच्या बाई | शनिवार, सकाळी ७:३०

पाच मिनिटांचं बरोबर केलंस. आईचं शरीर खुर्चीवर येतं, डोकं मागच्या खोलीतून यायला वेळ लागतो. दुसरी सोय शोधलीस का?

---

पिग्मीवाली | शनिवार, दुपारी ३:०५

शोधतोय बाई. (रजिस्टर बंद करत बसलोय, आज शनिवार.)

---

पिग्मीवाली | मार्चचा तिसरा आठवडा, बुधवार

बाई, तुमची अडीच महिन्यांची मुदत दोन आठवडे आधीच संपली.

सोमवारी ठकी चटईवरून सरकत सरकत मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली. मंगळवारी दाराबाहेर. आज मी खिडकीत, पुढं सात माणसं, आणि मागून शिपाईमामांची हाक. बघतो तर ही शिक्क्यांच्या टेबलाखाली, स्टॅम्प पॅड उघडं, आणि ओठ, हनुवटी, दोन्ही हात जांभळे. तसंच धुतलं, डॉक्टरांकडं नेलं. काही झालं नाही, डॉक्टर हसले. मी नाही हसलो. तिच्यापासून दोन हातांवर पंचिंग मशीन होतं.

साहेब काही बोलले नाहीत. मीच आत जाऊन सांगितलं, उद्यापासून आणत नाही. त्यांनी एवढ्या जोरात श्वास सोडला की मला कळलं, हे गेले आठ दिवस बोलायचं टाळत होते.

सोय अशी झालीय. शेजारी एक काकू माग चालवणाऱ्यांना कांड्या भरून देतात, घरीच असतात, त्यांची सून पण घरी. दुपारी दोनपर्यंत त्या ठेवून घेणार, महिना ठरवून पैसे देणार आहे, फुकट नको म्हटलं. नवऱ्याची रात्रपाळी असली की दोननंतर तो. सासूबाई वॉकर धरून चालाय लागल्यात, नजर ठेवायपुरत्या पुऱ्या. दिवसपाळीच्या आठवड्यात दोननंतरचं अजून नीट बसलं नाही. दोन सुट्ट्या एकत्र करून मी साडेतीनला घरी जाऊन यायचं म्हणतोय, बसचं बघायला पाहिजे.

काकूंकडं ठकी आल्या आल्या झोपली. मागाच्या आवाजात.

पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न, मनातून काय म्हणत असतात, त्याचं उत्तर: 'पोर बघायचं का पैसे' म्हणणारा जो होता, त्यानंच आज तिच्या हाताची शाई काढाय घरून खोबरेल आणलं. माणसं दोन्ही असतात बहुतेक.

शनिवारी एकनंतरचं सोनेतारणाचं रजिस्टर मात्र अजून माझ्याकडंच आहे. अक्कांना म्हटलं, आता ठकी येत नाही. म्हणाल्या, "ती येत नाही. मी शनिवारी जातेच."

---

एकटी बरी | बुधवार, रात्री १०:१०

अक्कांना माझा नमस्कार सांग.